गिधाड : गावकुसाबाहेरचा आपला सोबती

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. वेळेअभावी बोलायचे राहून गेलेले दोन-चार मुद्दे लिहिताना जोडले आहेत.)



समितीने आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही "गिधाड" असे सांगितले. सेक्रेटरींनी वहीत लिहून घेतले आणि पेन थांबवून विचारले, "म्हणजे गिरणीमालकांविषयी बोलणार ना?" त्यांची काही चूक नाही. १९८९ साली आम्ही गिरणीच्या रिंग खात्यात बदली म्हणून लागलो. तेव्हापासून मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये भोंगा थांबला तो पुन्हा वाजलाच नाही तोवर, गेटवरच्या प्रत्येक सभेत आम्ही हाच शब्द वापरला. जमिनीवर टपलेली गिधाडं, कामगाराच्या मढ्यावर बसलेली गिधाडं. टाळ्या पडायच्या. आज आम्ही खऱ्या गिधाडाविषयी बोलणार आहोत, आणि त्या पक्ष्याला आम्ही जे बोललो ते मागे घेणार आहोत.

आमचं गाव म्हसळा तालुक्यात, रायगड जिल्ह्यात. आमचा आजा १९२७ च्या मार्चमध्ये पायी चालत महाडला गेला होता. चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलेल्या माणसांपैकी तो एक. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना सांगितले की पडाचं मांस खाणं सोडा, शिळंपाकं मागणं सोडा, माणसासारखे जगा. आजा घरी आला आणि त्यानं मेलेलं ढोर ओढायला नकार दिला. गावानं मग काय केलं हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. वाट बंद, पाणी बंद, वाण्याचं दुकान बंद. ढोर मेलं की धमकी यायची, आता कोण उचलणार?

आजा म्हणायचा, तेव्हा आपल्या बाजूनं एकजण उभा राहिला, तो गिधाड. ज्याचं ढोर त्यानं नाक दाबून कसंबसं गावाबाहेरच्या माळावर ओढत नेलं, की पुढचं काम वरून उतरायचं. तास-दोन तासांत हाडं उरायची. घाण नाही, रोगराई नाही. गावाची अडचण राहिली नाही म्हणून गावाचा जोरही हळूहळू ओसरला. आज्याचे शब्द आम्हाला अजून आठवतात : "आमी काम सोडला, त्यानं धरलान. त्याला जात न्हाय, म्हून त्याला लाज न्हाय."

हे झालं आज्याचं. आता आमचं ऐका. आम्ही चौथीत असताना वर्गातली पोरं आम्हाला "गिधाडं आली" म्हणून चिडवायची. मास्तर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. आम्ही काय करावं? शाळा सुटली की माळावर जाऊन गिधाडांना दगड मारायचो. ज्याच्या नावानं आपल्याला हिणवलं त्याच्यावर राग काढायचा. पोरांना मारायची हिंमत नव्हती, पक्षी उलट काही बोलत नव्हता. एकदा आज्यानं पाहिलं आणि शेवरीच्या फोकानं आमच्या पोटऱ्या सुजवल्या. का मारलं ते सांगितलं नाही. आम्हाला ते कळायला तीस वर्षं लागली.

आता गिधाड करतं काय, ते थोडक्यात सांगतो. ते शिकार करीत नाही. जिवंताला त्याचा त्रास नाही. त्याच्या पोटातलं आम्ल इतकं जहाल असतं की सडक्या मांसातले रोगजंतू तिथे मरतात. वीस-तीस गिधाडांचा थवा एक बैल बघता बघता संपवतो. आपल्या देशात गिधाडांच्या ९ जाती आहेत. आपल्याकडे नेहमी दिसायची ती दोन : पांढऱ्या पाठीचं गिधाड, जे उंच झाडावर घरटं करतं, आणि लांब चोचीचं गिधाड, जे कडेकपारीत राहतं. जोडीला वर्षाला एकच अंडं. पिल्लू मोठं होऊन स्वतः जोडी करायला चार-पाच वर्षं. म्हणजे या पक्ष्याचा संसार आपल्या चाळीतल्या कामगारासारखा, एका पगारावरचा. एक माणूस आजारी पडला की घर कोलमडलं.

१९८० च्या सुमारास देशात गिधाडं कोट्यवधींच्या संख्येनं होती. इतकी की त्यांच्याकडे कोणी बघत नसे. १९९० नंतर राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांना ती झाडावर मान खाली टाकून बसलेली आणि मरून पडलेली दिसू लागली. घरटी ओस पडू लागली. मग मोजदाद झाली. १९९२ ते २००७ या १५ वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारातली ९९९ गेली. लांब चोचीची शंभरातली ९७ गेली. बंधूंनो, आम्ही गिरणगाव उजाड होताना पाहिला आहे. पण हजारात एकच कामगार उरला असं गिरणगावातही झालं नाही. तरी गिरणगावासाठी मोर्चे निघाले, नाटकं झाली, पुस्तकं लिहिली गेली. ह्यांच्यासाठी कोणी हंबरडा फोडला नाही. मुंबईत फक्त मलबार हिलच्या डुंगरवाडीत पारशी बांधवांना ते ताबडतोब जाणवलं, कारण त्यांची प्रेतं खायला गिधाडं येईनाशी झाली आणि त्यांना तिथे उन्हाच्या उष्णतेची आरशी यंत्रं बसवावी लागली.

ती मेली कशानं? पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं साथीचा रोग असेल. उत्तर मिळालं पाकिस्तानच्या पंजाबात. लिंडसे ओक्स नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सोबत्यांनी मेलेली गिधाडं उघडून पाहिली. मूत्रपिंडं निकामी, आणि आतल्या अवयवांवर खडूची भुकटी फासावी तसा पांढरा थर. २००४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की मारेकरी आहे डायक्लोफिनॅक.

हे नाव वाचलं तेव्हा आम्ही गिरणीच्या कॅन्टीनमध्ये बसलो होतो. पेपराचा तो तुकडा आम्ही कापून वहीत चिकटवला. नाव ओळखीचं होतं. रिंग खात्यात आठ-आठ तास उभं राहून आमचे गुडघे गेले होते आणि खिशात याच औषधाच्या गोळ्यांची पट्टी होती. ज्या औषधानं आमचं दुखणं थांबत होतं तेच गुरांना टोचलं जात होतं. स्वस्त औषध, लंगडणारा बैल दुसऱ्या दिवशी औताला उभा राहतो. शेतकऱ्याला बोल लावता येणार नाही. पण तो बैल औषध दिल्यावर दोन-तीन दिवसांत मेला, तर औषध त्याच्या मांसात शिल्लक असतं. ते मांस गिधाडानं खाल्लं की थोड्याच दिवसांत त्याचं मूत्रपिंड बंद. कोणी म्हणेल, अशी किती ढोरं असणार? शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. शंभरात एक ढोरसुद्धा लागत नाही, त्याहून कमी पुरतात. कारण एका मढ्यावर पूर्ण थवा बसतो. विहिरीत एकानं विष टाकलं तरी पाणी सगळी आळी पिते, तसं.

२००६ मध्ये भारत सरकारनं जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणली. त्याऐवजी मेलोक्सिकॅम हे औषध गिधाडांना अपाय करीत नाही, हेही त्याच सुमारास सिद्ध झालं. म्हणजे रोग कळला, औषधही कळलं. मग प्रश्न मिटला काय? नाही मिटला. कायदा दिल्लीत होतो आणि सुई गावात टोचली जाते. मधलं अंतर आपण मोजत नाही.

ते अंतर आमच्याच घरात निघालं. २०१२ चा मे महिना, आम्ही गावी गेलो होतो. धाकट्या भावाचा बैल आदल्या रात्री मेला होता. आता आमच्या घरचं ढोर आम्ही ओढतो, त्यात कमीपणा नाही, ते आमचं आहे. माळावर टाकायला नेताना सहज विचारलं, काय झालं होतं? भाऊ म्हणाला, "पाय सुजला होता दादा, दोन दिवस सुई दिली." गोठ्याच्या वळचणीला बाटली पडली होती. माणसांसाठीचं डायक्लोफिनॅक, ३० मिलीची मोठी बाटली. तालुक्याच्या ठिकाणी एका मेडिकलमधून आणलेली. माणसाला एका वेळी ३ मिली लागतं. ३० मिलीची बाटली कोणासाठी बनत होती हे बनवणाऱ्यालाही ठाऊक होतं आणि विकणाऱ्यालाही.

आम्ही भावावर ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "मेडिकलवाल्यानं दिलं ते टोचलं. आम्हाला कोण सांगतंय?" आम्ही गप्प झालो. आठ वर्षं तो पेपराचा तुकडा आमच्या वहीत होता. आम्ही चार वस्त्यांत व्याख्यानं दिली, अंधश्रद्धेवर बोललो, कामगार कायद्यावर बोललो. सख्ख्या भावाला सांगायचं राहिलं. त्या दिवशी तिघांनी मिळून जांभ्या दगडात खड्डा खणला. दिवस मावळेपर्यंत पहार चालवली तेव्हा बैल खाली गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर एक गिधाड घिरट्या घालून गेलं. त्याला काही मिळालं नाही. ते उपाशी गेलं याचं समाधान वाटावं, अशी वेळ आमच्यावर आली होती.

पुढे २०१५ मध्ये सरकारनं माणसांच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या बाटल्या बंद केल्या. ३ मिलीपेक्षा मोठी बाटली नाही. २०२३ मध्ये जनावरांसाठीच्या किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवर बंदी आली, आणि २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइडवर. एकेक औषध बंद व्हायला इतकी वर्षं. आमच्या ग्रॅच्युइटीच्या दाव्यासारखं.

गिधाड गेल्यानं माणसाचं काय गेलं? मढी कुजत पडली, त्यांच्यावर भटकी कुत्री पोसली, कुत्र्यांबरोबर पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा वाढला, पाण्यात घाण गेली. २०२४ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी, अनंत सुदर्शन आणि इयाल फ्रँक यांनी, हिशेब प्रसिद्ध केला की गिधाडं नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख माणसं जास्तीची मेली. कुत्रा बंगल्यातल्या माणसाला चावत नाही, तो रस्त्यावरच्याला चावतो. दूषित पाणी कोणाच्या वस्तीत येतं हे आम्ही सांगायला नको.

आणखी एक गोष्ट आहे, ती शास्त्रज्ञ सांगत नाहीत, ती आपण सांगितली पाहिजे. जुलै २०१६ मध्ये गुजरातमध्ये ऊना येथे मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या आपल्या भावांना भर रस्त्यात बांधून मारलं. तेव्हा तिथल्या समाजानं ढोर उचलायचं काम टाकून दिलं. सुरेंद्रनगरकडे मेलेली जनावरं पडून राहिली, कलेक्टर कचेरीसमोर नेऊन टाकली गेली. ती टाकली ते योग्यच केलं. पण आम्हाला आज्याची आठवण झाली. १९२७ साली नकार दिला तेव्हा आभाळात गिधाडं होती. २०१६ साली नकार दिला तेव्हा आभाळ जवळजवळ रिकामं होतं. गिधाड गेलं की ते काम पुन्हा कोणाच्या तरी गळ्यात पडतं, आणि तो गळा कोणाचा हे या देशात ठरलेलं आहे.

आता आशेचं बोलू. आमच्याच म्हसळा तालुक्यात चिरगाव आहे. तिथल्या जंगलात बोटांवर मोजण्याइतकी पांढऱ्या पाठीची गिधाडं उरली होती. महाडच्या सीस्केप संस्थेनं, प्रेमसागर मेस्त्री यांच्या पुढाकारानं, ती राखायला घेतली. घरट्याची झाडं सांभाळली, गावोगावी सभा घेतल्या, मेलेलं जनावर फुकट न घालवता गिधाडांच्या जागी पोचवा असं लोकांना पटवलं. ज्या महाडात आज्यानं ढोर ओढणं सोडलं, त्याच महाडातली माणसं आता ढोर उचलून गिधाडांना नेतात. पण फरक बघा. हे काम जातीनं लादलेलं नाही. ज्याला पटलं तो करतो, आणि करणाऱ्याला सभेत खुर्ची मिळते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानं श्रीवर्धन-म्हसळ्याची उंच झाडं आडवी केली, तेव्हा आमच्या घराचीही कौलं उडाली. कौलं आम्ही महिन्यात बसवली. घरट्याचं झाड वाढायला दोन पिढ्या लागतात.

हरियाणात पिंजोरला २००१ पासून गिधाडांचं केंद्र आहे. तिथे त्यांची पिल्लं वाढवतात. जानेवारी २०२४ मध्ये तिथून २० गिधाडं आपल्या महाराष्ट्रात ताडोबा आणि पेंचला आणली गेली. देशभरच्या २०१५ च्या पाहणीत पांढऱ्या पाठीची सुमारे ६,००० आणि लांब चोचीची सुमारे १२,००० गिधाडं असावीत असा अंदाज निघाला. कोट्यवधींतून इतकी. पण शून्य नाही. शून्य नाही तोवर काम आहे.

कोणी विचारील, विहारात हा विषय कशाला? आम्ही उलट विचारतो, विहाराशिवाय कुठे? राजगीरला ज्या टेकडीवर तथागत राहिले, उपदेश केला, तिचं नाव काय? गृध्रकूट. पाली भाषेत गिज्झकूट. म्हणजे गिधाडांचा डोंगर. लोक ज्याला अशुभ म्हणून घरावर बसू देत नाहीत, त्याच्या नावाच्या डोंगरावर भगवंतांचा मुक्काम होता आणि त्यांना विटाळ झाला नाही. सम्राट अशोकानं आपल्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी, दोघांसाठी औषधोपचाराची सोय केल्याचं कोरून ठेवलं, आणि स्तंभलेखात कोणते प्राणी मारू नयेत त्याची यादी दिली. औषधही करुणेतलंच काम आहे. पण करुणेला माहितीची जोड नसली तर एकाला वाचवताना दुसरा मरतो, हे डायक्लोफिनॅकनं शिकवलं. म्हणून प्रज्ञा आणि करुणा ही जोडी आहे. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया आणि त्यांचं पालन सांगितलं आहे. ती प्रतिज्ञा घेताना आपण गाय-बैल-चिमणी डोळ्यांपुढे आणतो. गिधाड आणत नाही.

आपल्यातली बहुतेक मंडळी मे महिन्यात, गणपतीच्या सुट्टीत गावी जातात. तेव्हा एवढं करा :

(१) घरच्या जनावराला दुखण्यावर सुई द्यायची तर सरकारी पशुवैद्यकाला विचारा. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, किटोप्रोफेन, निमेसुलाइड नको. मेलोक्सिकॅम मागा. नावं पाठ होत नसतील तर कागदावर लिहून गोठ्याच्या खांबाला लावा. आम्ही भावाच्या गोठ्यात लावली आहेत.

(२) दुखण्याची सुई दिलेलं जनावर दोन-तीन दिवसांत मेलं तर उघड्यावर टाकू नका. खोल पुरा. कुत्र्यासाठी, बिबट्यासाठी मढ्यात विष घालू नका.

(३) गावातलं जुनं उंच झाड ठेकेदाराला विकताना आधी वर बघा. वर घरटं असेल तर ते झाड तुमचं एकट्याचं नाही.

(४) मेलेलं जनावर उचलायचं काम ग्रामपंचायतीच्या गाडीनं, हातमोज्यांनी आणि मजुरी देऊन व्हावं. ते पुन्हा आपल्याच वस्तीच्या दारात येऊ देऊ नका. गिधाड वाचवायच्या नावाखालीही नाही.

शेवटचं आमच्यापुरतं. आम्ही बाटलीभर औषधाच्या आधीपासून या पक्ष्याचे गुन्हेगार आहोत. चौथीत दगड मारले, नंतर गेटवर शब्द मारले. त्यानं कोणाचं हिसकावून खाल्लं नाही. दुसऱ्यानं टाकून दिलेलं त्यानं साफ केलं आणि त्याबद्दल शिव्या खाल्ल्या. अशा माणसांची पोरं आम्ही आहोत. आम्ही तरी त्याला शिवी म्हणून वापरू नये. यापुढच्या सभेत मालकासाठी दुसरा शब्द शोधू, मराठीत पुष्कळ आहेत.

मागच्या हिवाळ्यात नातीला घेऊन आम्ही चिरगावच्या बाजूला गेलो. खूप वेळ काही दिसलं नाही. मग एका झाडावर पांढरी पिसं दिसली, आणि पंख न हलवता एकजण वर वर गेला. नातीनं विचारलं, "आजोबा, हा कोण?" आम्ही म्हणालो, "आपल्या आज्याचा सोबती."